सांगलीत एप्रिल, डॅशबोर्डवर उणे ४०: ऑटो एसीचं गणित

एप्रिलमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात दुपारी दोन तास उन्हात उभी केलेली गाडी उघडली की आतलं तापमान साठीच्या घरात असतं. डॅशबोर्डला तर हात लावता येत नाही. मग बसल्या बसल्या पहिलं काम काय, तर एसीचा आकडा २४ वरून खाली खाली नेत 'लो' करायचा. चाळीस-पन्नास लाखांच्या गाडीत बसणारेही हेच करतात. २४ ला ठेवलं तर २४ अंशांची हवा येणार, ती काय थंड लागणार, असा हिशेब असतो.

हा हिशेब साध्या एसीच्या गाडीतून आलेला आहे. तिथे गोल खटका जेवढा फिरवाल तेवढा आतला फ्लॅप, म्हणजे गरम-गार हवा मिसळणारी झडप, सरकतो, त्यापलीकडे खटक्याला काही कळत नाही. ऑटो क्लायमेट कंट्रोलमध्ये २४ हा जाळीतून येणाऱ्या हवेचा आकडा नाही, तर केबिन अखेर जिथे न्यायची आहे तो आकडा आहे. आत ५८ आणि मागणी २४ असेल तर मॉड्यूल, म्हणजे एसी चालवणारा छोटा संगणक, फ्लॅप पूर्ण थंडकडे नेतं, ब्लोअर वरच्या वेगाला टाकतं, बाहेरची हवा बंद करून आतलीच फिरवतं आणि जाळीतली हवा ६ ते १० अंशांकडे उतरवत नेतं. 'लो' केलं तरी पहिली दहा-पंधरा मिनिटं हेच होणार, अर्धा अंशही जास्त नाही. फरक पडतो तो नंतर. बहुतेक गाड्यांत 'लो' आणि 'हाय' या दोन टोकांना तापमानाचं नियंत्रणच सुटतं, फ्लॅप टोकाला जाऊन बसतो. मग इस्लामपूर येईपर्यंत हुडहुडी भरते, आकडा २७ होतो, पुन्हा गरम होतं, पुन्हा 'लो'. ज्या कामासाठी एवढी यंत्रणा बसवली ते काम माणूस बोटाने करत बसतो.

खरोखर लवकर थंड करायचं असेल तर पहिली मिनिट-दोन मिनिटं मागच्या दोन्ही काचा उतरवून गाडी चालवा, म्हणजे साठ अंशांची हवा बाहेर निघून जाईल. मग काचा वर, ऑटो दाबा, २४. सुरुवातीला ब्लोअर काही सेकंद दबकत चालतो, तो बिघाड नव्हे. डक्टमधली तापलेली हवा तोंडावर मारू नये म्हणून कूलिंग कॉइल थंड होईपर्यंत तो थांबतो.

आत चाललेलं काम तसं जुनंच आहे. कॅडिलॅकने १९६४ च्या मॉडेलमध्ये 'कम्फर्ट कंट्रोल' नावाने ते आणलं. आकडा एकदा लावा, थंड-गरम यंत्र बघून घेईल, ही कल्पना तेव्हाची. हवा आधी कूलिंग कॉइलमधून जाते, तिथे ती ३ ते ५ अंशांपर्यंत उतरते आणि तिच्यातलं पाणी कॉइलवर गळून पडतं. मग लागेल तेवढी हवा हीटरच्या कोअरवरून नेतात, ज्यात इंजिनचं ८५-९० अंशांचं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, फिरत असतं. आंघोळीच्या कढत पाण्यात विसण घालतात, त्याचाच हा प्रकार, फक्त उलटा: इथे गारात गरम मिसळायचं. किती हवा हीटरवरून जाईल ते मिक्सिंग फ्लॅप ठरवतो. ड्रायव्हर आणि शेजारचा यांना वेगवेगळं तापमान हवं तर दोन फ्लॅप. मागच्या सीटला वेगळं नियंत्रण असेल तर आणखी फ्लॅप, आणि मोठ्या गाड्यांत मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल आणि ब्लोअर. काही जर्मन गाड्यांत फ्लॅपऐवजी हीटरचं गरम पाणीच विजेच्या व्हॉल्व्हने कमी-जास्त करतात. हे व्हॉल्व्ह वीज नसली की उघडे राहतात. म्हणजे वायर तुटली किंवा व्हॉल्व्हची कॉइल जळली, तर ऐन मे महिन्यात त्या बाजूने गरम वारा. थंड देशात बिघाड झाला तर माणूस गारठू नये, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे तो बरोबर उलटा पडतो.

फ्लॅप, ब्लोअर आणि एसीचा गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर हे हुकूम पाळणारे. हुकूम ठरतो सेन्सरवर, आणि निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ तिथेच सापडतं. मॉड्यूल भोळं असतं. सेन्सरने सांगितलं की त्याला ते खरं.

आतल्या तापमानाचा सेन्सर बघा. स्टिअरिंगच्या आसपास किंवा एसीच्या बटणांजवळ रुपयाच्या नाण्याएवढी बारीक जाळी असते. तिच्यामागे थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे विजेचा रोध बदलणारा पुर्जा, आणि त्याच्यावरून केबिनची हवा सतत ओढली जावी म्हणून एक चिमुकला पंखा किंवा एसीच्या बॉक्सला जोडलेली नळी. हवा ओढलीच गेली नाही तर सेन्सर केबिनचं नव्हे, डॅशबोर्डच्या तापलेल्या पोटातलं तापमान वाचतो. आत २२ झालेलं असताना त्याला ३० वाटतं आणि गाडी गारठवत राहते. पारखायला स्कॅनर, म्हणजे गाडीला जोडून आतले आकडे वाचणारं यंत्र, लागत नाही. एसी चालू करा, टिश्यू पेपरचा नखाएवढा तुकडा जाळीवर धरून सोडा. चिकटून राहिला तर ओढ आहे. खाली पडला तर पंखा अडकलाय, नळी निसटलीय किंवा जाळी धुळीने बुजलीय. म्युझिक सिस्टीम बदलताना ही नळी निसटणं फार नेहमीचं. आणि जाळीवर सिलिकॉनचा पॉलिश स्प्रे मारू नका. तो आत ओढला जातो आणि त्यावर धूळ चिकटून थर्मिस्टरवर गोधडी तयार होते.

दुसरा उन्हाचा सेन्सर. समोरच्या काचेच्या पायथ्याशी, डॅशबोर्डच्या मध्यावर काळा बटणासारखा घुमट दिसतो, तो हा. आत उजेड मोजणारा फोटोडायोड असतो. हवेचं तापमान तेवढंच असलं तरी अंगावर ऊन आलं की माणसाला जास्त थंडावा लागतो, म्हणून ऊन वाढलं की मॉड्यूल जाळीची हवा आणखी थंड करतं आणि ब्लोअर वाढवतं. महागड्या गाड्यांत हा सेन्सर डावं-उजवं ऊन वेगळं मोजतो. साताऱ्याहून सकाळी पुण्याला निघालात की तोंड उत्तरेला, ऊन उजवीकडून, म्हणजे ड्रायव्हरच्या अंगावर. संध्याकाळी परत येताना तोंड दक्षिणेला, मावळतीचं ऊन पुन्हा उजवीकडूनच. रोज हा फेरा करणाऱ्या ड्रायव्हरच्या उजव्या हाताची सोय हा एवढासा घुमट बघतो. आणि आपण काय करतो, तर त्याच्यावर मखमली डॅशबोर्ड मॅट अंथरतो, किंवा नेमक्या त्याच जागी दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपवर गणपती बसवतो. मूर्ती चार बोटं बाजूला सरकवली तर देवाची काही हरकत नसावी. सेन्सर झाकला की मॉड्यूलला कायम संध्याकाळ वाटते आणि भर दुपारी हवा हळू होते. मेस्त्रींसाठी एक गोष्ट: काही गाड्यांत अंधाऱ्या शेडमध्ये स्कॅनर लावला तर याच सेन्सरचा एरर कोड दिसतो. तो सेन्सर मागवण्याआधी गाडी उन्हात काढा किंवा त्याच्यावर ६० वॉटचा पिवळा बल्ब धरा.

तिसरा बाहेरच्या तापमानाचा. हा पुढच्या बंपरच्या जाळीमागे किंवा बाहेरच्या आरशाच्या तळाशी असतो. गाडी सिग्नलला उभी राहिली की इंजिनची आणि रस्त्याची धग त्याला लागते, म्हणून मॉड्यूल वाढलेला आकडा लगेच मानत नाही, गाडी वेगात आली की मगच हळूहळू मानतं. खरी गंमत होते बंपर उतरवून बसवल्यानंतर. सेन्सरचं सॉकेट जोडायचं राहिलं, की सर्किट उघडं, आणि डॅशबोर्डवर बाहेरचं तापमान दिसतं उणे ४०. सांगलीत, एप्रिलमध्ये. यंत्राला त्यात काही वावगं वाटत नाही. बाहेर बर्फ पडतोय असं समजून ते कॉम्प्रेसर चालूच करत नाही, कारण बाहेर दोन-तीन अंशांच्या खाली बऱ्याच गाड्यांत कॉम्प्रेसर बंद ठेवतात. मालक म्हणतो एसी गेला, गॅरेजवाला म्हणतो गॅस संपला. तीनेक हजारांचा गॅस भरून होतो, आणि सॉकेट तसंच लोंबकळत राहतं. म्हणून कुठलीही तक्रार असो, आधी बाहेरच्या तापमानाचा आकडा वाचा.

आतल्या आणि बाहेरच्या सेन्सरमधले थर्मिस्टर तपासायला साधा मल्टिमीटर पुरतो. २५ अंशांना गाडीगणिक २ ते १० किलोओहम, आणि गरम केलं की रोध कमी होत जातो. केस वाळवायच्या ड्रायरने ऊब द्या. काटा धक्के न खाता उतरला तर सेन्सर ठीक, मध्येच उडी मारली तर बाद.

आता कॉम्प्रेसर. आलिशान गाड्यांत तो बहुधा बदलत्या क्षमतेचा असतो. कॉम्प्रेसरला पट्ट्याशी जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या क्लचचा 'टक्' असा आवाज येत नाही, कारण बऱ्याच जणांत क्लचच नसतो. पट्टा फिरतोय तोवर कॉम्प्रेसरही फिरतोच, फक्त आतल्या तिरप्या तबकडीचा कल बदलून पिस्टनची धाव जवळजवळ शून्यापासून पूर्णापर्यंत नेतात. तो कल ठरवतो मागे बसवलेला विजेचा कंट्रोल व्हॉल्व्ह. खंबाटकी किंवा पसरणी घाटात पाय दाबून चढताना हवा जरा कमी गार लागते ती याचमुळे: इंजिनवर ताण आला की मॉड्यूल कॉम्प्रेसरची धाव कमी करतं. कूलंट ११५ अंशांच्या आसपास गेलं तर पूर्णच सोडतं. असा थंडावा पूर्ण जाऊन माथ्यावर आल्यावर आपोआप पूर्ववत होत असेल तर बघायचा तो रेडिएटरचा पंखा आणि एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या पापुद्र्यांत अडकलेला चिखल. एसीच्या वाट्याला जायचं कारण नाही.

क्लच नसल्यामुळे जुन्या मेस्त्रीची एक खूण हातातून गेली. पुली फिरतेय म्हणजे कॉम्प्रेसर चालू, असं आता म्हणता येत नाही. पुलीच्या तोंडाशी एक कमजोर जोड मुद्दाम ठेवलेला असतो. कॉम्प्रेसर जाम झाला तर तो तुटतो आणि पट्टा वाचतो, पुली मात्र मोकळी फिरत राहते. म्हणून इथे एकच प्रश्न विचारायचा: मॉड्यूल मागतंय का? स्कॅनरवर कंट्रोल व्हॉल्व्हचा करंट दिसतो. पूर्ण मागणीला तो बऱ्याच गाड्यांत ०.७ ते ०.८ अँपिअरच्या आसपास जातो. करंट शून्य असेल तर मॉड्यूल मागतच नाहीये. मग कारण शोधा: बाहेरचा सेन्सर, कूलंटचं तापमान, कूलिंग कॉइलचा सेन्सर, गॅसच्या दाबाचा सेन्सर. दाब २ बारच्या खाली किंवा तिशीच्या वर गेला तरी मॉड्यूल हात आखडतं. करंट पूर्ण आहे पण कॉम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचे गॅसचे दाब जवळजवळ सारखेच, तर मागणी आहे, पुरवठा नाही: व्हॉल्व्ह चिकटलाय किंवा पुढचा जोड तुटलाय. या एका आकड्याने दिवसभराचं काम दहा मिनिटांवर येतं, तरी आधी गॅसचा दाब मोजणारे गेजच लावले जातात.

आणि गेज गॅसचं वजन सांगत नाहीत. हे नीट समजून घेण्यासारखं आहे. यंत्रणेत जोपर्यंत थोडासा जरी द्रव गॅस शिल्लक आहे तोपर्यंत बंद गाडीतला दाब फक्त तापमानावर ठरतो. आर-१३४ए या नेहमीच्या एसी गॅसला ३० अंशांना साधारण ६.७ बार, ३५ ला ७.९ बार. ३०० ग्रॅम असो की ६००, काटा तोच. गाडी चालू असताना ३५ अंशांच्या दिवशी कमी दाबाच्या बाजूला २ ते ३ आणि जास्त दाबाच्या बाजूला १३ ते १८ बार दिसले तर ढोबळमानाने ठीक, पण बदलत्या क्षमतेचा कॉम्प्रेसर कमी बाजूचा दाब स्वतःच २ च्या आसपास धरून ठेवतो, त्यामुळे कमी गॅसही बरेच दिवस झाकला जातो. गॅस किती आहे हे कळायचा मार्ग एकच: मशीनने सगळा काढून वजन करायचं, व्हॅक्यूम द्यायचा, म्हणजे पंपाने आतली हवा ओढून काढायची, आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर जेवढे ग्रॅम लिहिलेत तेवढेच वजनकाट्यावर भरायचे. ५५० अधिक-उणे २५ असं लिहिलं असेल तर ६५० भरून जास्त थंड होत नाही, कंडेन्सरमध्ये द्रव साचून दाब चढतो आणि थंडावा उलट घटतो. 'थोडा गॅस मारून देतो' या वाक्याला म्हणूनच अर्थ नाही. नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो महाग आहे म्हणून त्या जागी १३४ए भरून देणारे भेटतात. प्रमाण, दाब, तापमान सगळं मॉड्यूलच्या हिशेबाबाहेर जातं, आणि पुढच्या माणसाच्या मशीनमधला गॅसही बाटतो. हायब्रिड गाडीत आणखी एक जपायचं: तिचा विजेवरचा कॉम्प्रेसर पीओई तेलावर चालतो. त्यात नेहमीचं पीएजी तेल गेलं तर मोटरच्या तारांच्या वायंडिंगचं इन्सुलेशन उतरतं आणि गाडी हाय-व्होल्टेजचा दोष दाखवून उभी राहते.

व्हॅक्यूम अर्धा तास तरी द्यावा आणि पंप बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघावं. इथे आपल्या भागाची एक खुबी आहे. मॅन्युअलमध्ये पाऱ्याच्या मापात २९ इंच व्हॅक्यूम लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. सांगलीत हवेचा दाबच कमी, त्यामुळे उत्तम पंपही २८ च्या आसपास थांबतो, साताऱ्यात साडेसत्तावीसच्या, आणि महाबळेश्वरात कोणी हे काम काढलंच तर साडेपंचविसाच्या पुढे काटा जाणार नाही. पंप वाईट नाही, गेज बाहेरच्या हवेशी तुलना करून सांगतंय. काटा कुठे थांबला यापेक्षा थांबला की मागे सरकला, हे महत्त्वाचं.

एका बाजूने थंड आणि दुसऱ्या बाजूने कोमट, ही दोन झोनवाल्या, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूला वेगळं तापमान देणाऱ्या गाडीची हमखास तक्रार. लगेच फ्लॅपच्या मोटरकडे बोट जातं, कारण डॅशबोर्डमागून टिक-टिक ऐकू येत असते आणि प्लास्टिकच्या गिअरचा दात खरोखर तुटलेला असतो. पण टिक-टिक नसेल तर घाई नको. दोन्ही बाजू 'लो' करा आणि स्कॅनरवर दोन्ही फ्लॅपची टक्केवारी बघा. दोन्ही सारख्याच टोकाला असूनही हवेत सात-आठ अंशांचा फरक असेल तर बहुधा गॅस कमी आहे: कूलिंग कॉइलचा एकच भाग गार होतोय आणि नेमकी त्या भागावरची हवा एका बाजूला जातेय. डॅशबोर्ड खोलायचं वाचतं. बॅटरी बदलल्यावर फ्लॅप भलत्या जागी थांबत असेल तर तेही मोटरचं दुखणं नसतं. फ्लॅपला आपली दोन्ही टोकं पुन्हा शिकवावी लागतात. स्कॅनरमध्ये त्यासाठी बेसिक सेटिंग किंवा कॅलिब्रेशन असतं. काही गाड्यांत इग्निशन चालू करून दोन मिनिटं कुठल्याच बटणाला हात न लावता ठेवलं तरी ते आपोआप होतं.

पावसाळ्यात खेळ बदलतो. जुलैत वाईहून महाबळेश्वर चढताना बाहेर १९ अंश, धुकं, ओले कपडे घातलेली चार माणसं आत. थंडी वाजते म्हणून एसी बंद आणि पाऊस आत येईल या भीतीने बाहेरची हवा बंद. पाच मिनिटांत काच आतून पांढरी. इथे एसी थंडाव्यासाठी नाही, हवा वाळवायला हवा आहे. ती ओली हवा कॉइलवर ५ अंशांपर्यंत उतरवून पाणी गाळायचं आणि हीटरवरून २३ ला आणायची, की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास येते आणि काच लागलीच उघडते. आतल्या आरशाच्या तळाशी आर्द्रतेचा सेन्सर असलेल्या गाड्या हे माणसाच्या आधी करतात, अट एवढीच की ऑटो चालू असावा. आणि काच बाहेरून धुरकटली तर काचेवरची गार हवा कमी करा, वायपर मारा. आतून की बाहेरून, हे बोट फिरवून आधी बघा, कारण दोन्हींचे उपाय उलटे आहेत.

हवेच्या दर्जाचा सेन्सर आपल्याकडे कामाचा. उसाच्या ट्रॅक्टरमागे लागलात की डिझेलचा धूर ओळखून तो बाहेरची हवा बंद करतो. तो मुख्यतः गाड्यांच्या धुरासाठी बनवलेला, त्यामुळे कारखान्याजवळच्या मळीच्या वासाला हमखास दाद देईल असं नाही, तिथे बटण हाताने दाबा. केबिन फिल्टर मॅन्युअलप्रमाणे १५ हजार किलोमीटर चालतो, पण गळीत हंगामात पाचट जाळल्याची काजळी खाल्लेला फिल्टर १० हजारांतच काळा पडतो. बसवताना बाणाची दिशा बघा. फिल्टर तुंबला की हवा कमी, कॉइलवर बर्फ, आणि तासाभराच्या प्रवासानंतर जाळीतून नुसता आवाज.

राहिला पाण्याचा निचरा. गाडीखाली पाणी ठिबकतंय म्हणून घाबरून येणारे पुष्कळ, ठिबकत नाही म्हणून येणारं कोणी नाही. वास्तविक जुलैत पंधरा मिनिटं एसी चालवून खाली थेंब नसेल तर ड्रेनची नळी तुंबलीय, आणि ते पाणी शेजारच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये मुरतंय. अनेक महागड्या गाड्यांत त्याच कार्पेटखाली इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं. नळी खालूनच साफ करा, गॅरेजच्या एअर कॉम्प्रेसरच्या हवेचा दाब २ बारच्या आत ठेवा. जास्त मारला तर नळी आतल्या टोकाला बॉक्सपासून सुटते, आणि ती परत बसवायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो.